कणकेच्या बारा गोळ्या

ती घटना आजही आठवली की माझी मूठ आपोआप वळते. पोलिसातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका संताप क्वचितच आला.

साठच्या दशकाची सुरुवात होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा बंदोबस्त उरकून ठाण्यात परतलो, तर आवारात तीसेक माणसं आणि मध्ये बसवलेला एक भिल्ल सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. त्याचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता. तापीकाठच्या त्यांच्या गावातून देवीचा चांदीचा मुकुट चोरीला गेला होता आणि गावाने आपला चोर आपणच बांधून आणला होता. पुढे गावचा कारभारी उभा, सत्काराला आल्यासारखा.

"कबूल करतोय, साहेब," हवालदार म्हणाला.

"हात मोडल्यावर मीही कबूल केलं असतं. आधी याला दवाखान्यात पाठवा."

मग कारभाऱ्याचा जबाब घेतला. पुरावा काय, तर गावची रीत. मुकुट गेला त्या दिवशी देवळाच्या डागडुजीवर बारा माणसं होती. बारा जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या कणकेच्या बारा गोळ्यांत घातल्या, गोळ्यांना हळद चोळली आणि रात्री देवीपुढे पाण्याच्या परातीत सोडल्या. ज्याची गोळी आधी फुटेल तो चोर. उरलेल्या गोळ्या सकाळी न उघडता तापीत सोडायच्या. चिठ्ठ्या लिहिणं, कणीक मळणं हा कारभाऱ्याच्या घराचा मान.

"एक येळा नही सायेब, तीन येळा करं," तो म्हणाला. "तिन्ही येळा यानीच गोळी फुटनी. देवी बोलनी. आते आखो काय इचारानं?"

बाहेर सालदाराची बायको भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. मला पाहताच पुढे आली.

"सायेब, मन्हा नवरा चोर नही शे. बाकीन्या अकरा गोळ्या सकाय लगून जशान्या तश्या ऱ्हायन्यात. मंग यानीच कशी फुटस?"

बाईने जे विचारलं, ते त्या तीस पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांना फक्त हात मोडता येत होता.

दुपारी मी हवालदाराची टोपी टेबलावर उलटी ठेवली. तिच्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याला काढायला लावल्या. काढलेली चिठ्ठी परत टोपीत टाकायची, पुन्हा काढायची. चहा दोनदा झाला, हवालदार कंटाळला, पण एकच नाव लागोपाठ तीनदा काही आलं नाही.

"हे बघा," मी म्हणालो, "पहिल्या वेळी कुणाचं तरी नाव येणारच. त्यात नवल नाही. दुसऱ्या वेळी तेच येण्याची शक्यता बारात एक. तिसऱ्या वेळी पुन्हा बारात एक. बारा गुणिले बारा, एकशे चव्वेचाळीसात एक."

"एखाद्या वेळी घडतंही, साहेब. देवीच्या मनात आलं तर."

हवालदार चुकीचं बोलत नव्हता. हिशोब हा काही पुरावा नव्हे. न्यायाधीशापुढे पाढे म्हटले असते तर माझंच हसं झालं असतं. पण कुठे बघायचं ते हिशोबाने दाखवलं. मला देवीकडे बघायचं नव्हतं, कणीक मळणाऱ्या हाताकडे बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चौथ्यांदा करा. मलाही देवीचा कौल पाहू द्या."

गाव खूश झालं. कारभाऱ्याचं तोंड मात्र उतरलं. "देवीनी परीक्षा लेवो नही, सायेब," असं पुटपुटला. पण त्याची पुरती कोंडी झाली होती. या खेपेला दुसऱ्याची गोळी फुटली असती तर आधीच्या तिन्ही खोट्या ठरल्या असत्या. तो मुकाट्याने घरात जाऊन कणीक मळून आला.

परातीत बारा पिवळ्या गोळ्या सोडल्या. थोड्याच वेळात एकीला तडा गेला. गर्दीतून देवीचा जयजयकार उठला. मी परातीत हात घातला, ती गोळी उचलली आणि शेजारची एक उचलली. हळद पुसली. एक आतून पांढरी, दुसरी तांबूस. पांढरीचा बोटांत लगदा झाला. मी एकटा राहणारा माणूस, रोज स्वतः भाकरी थापायचो. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्याची गोळी पाण्यात फुटते. गव्हाची कणीक धरून राहते. अकरा गोळ्या गव्हाच्या, एक ज्वारीची. लगद्यातली चिठ्ठी उघडली. नाव सालदाराचंच होतं.

मी ती चिठ्ठी कारभाऱ्याच्या नाकासमोर धरली आणि काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळच्या आत त्याच्याच खळ्यातल्या कडब्याच्या गंजीतून पंचांसमक्ष मुकुट निघाला. मजुरांची जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्यानेच तो उचलला होता.

मग गाव काय म्हणालं? "देवीनीच सायेबले बुद्धी दिन्ही." ज्यांनी हात मोडला तेच हे म्हणत होते! मी मारहाणीची फिर्याद घ्यायला बसलो, तर मघाशी जयजयकार करणाऱ्यांपैकी एकालाही काही दिसलं नव्हतं. सालदाराची माफी कुणी मागितली नाही.

त्याला सोडलं तेव्हा हात झोळीत होता. ठाण्याच्या पायरीवर थांबून त्याने मला विचारलं, "सायेब, त्यानं एकच येळा करं अस्तं ते?"

बारातून एक नाव निघणं ही रोजची गोष्ट. कारभाऱ्याने हाव न धरता एकदाच गोळी फोडली असती, तर मला शंका आली नसती आणि मीच या माणसाला कोर्टापुढे उभं केलं असतं. अशा नुसत्या एका कौलावर किती माणसं आत गेली असतील, याचा हिशोब कुठल्याच पाढ्यात बसत नाही. चिडायचं ते कुणावर, हे मला अजून समजलेलं नाही. तो पायऱ्या उतरून बायकोबरोबर चालू लागला. तो हात पुढे कधीच सरळ झाला नाही.