भाऊजी, गाठ आणि हिरवी खुर्ची

पोळ्याच्या आधीचा रविवार, आर्णीतल्या आमच्या घराची ओसरी. हजर: मी, माझे यजमान, शेजारच्या ताई, यजमानांचे जुने मित्र भाऊजी आणि भाऊजींच्या मानेतली गाठ. विषय एकच, ऑपरेशनला भाऊजींचा होकार मिळवणे.

भाऊजींना बसल्या जागेवरून उठवणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात अजून जन्मलेला नाही. "दोन मिनिटं टेकतो," म्हणत ते येतात आणि ओसरीतली हिरवी खुर्ची त्यांची होते. मग त्यांनी काहीही न मागता सगळं घर त्यांच्या सेवेला लागतं. टेबलफॅन त्यांच्याकडे वळतो, आल्याचा चहा येतो, ताई भिंतीवरून भज्यांची ताटली देतात. पोस्टमनवर धावून जाणारा आमचा मोती त्यांच्या पायाशी लोळतो. एकदा मी कामांच्या यादीत ठळक लिहिलं, 'आज भाऊजींना चहा नाही.' चहा दिला नाहीच. फक्त दुपारी मीच त्यांच्यासाठी पोहे परतत होते.

शुक्रवारी यवतमाळच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, "गाठ कॅन्सरची आहे, पण वेळेत सापडली. अशी गाठ एकटी वाढत नाही. आजूबाजूच्या पेशींना कामाला लावते, रक्तवाहिन्या स्वतःकडे वळवून घेते. राखणीच्या पेशींनाही फितवते, मग त्या तिचीच राखण करतात."

यजमानांनी हळूच भाऊजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. भाऊजी मात्र खूश. "अरे, हा तं मीच झालो!"

आणि रविवारी त्यांनी चक्क चहा परत केला.

"नको वैनी. मी ह्या गाठीचं चहापाणी बंद केलं. कंटाळून जाईल निघून. ऑपरेशन कायले पाह्यजे?"

"मी तुमचा चहा बंद केलता, तवा तुम्ही गेलते काय?"

भाऊजींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. मंग पोहे आलते."

"म्हणूनच तिले उठवा लागते," ताई म्हणाल्या.

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांचा हात मानेवर गेला. "मले आजवर कोणी उठवलं नाही, वैनी. त्या ऑपरेशनच्या टेबलावरून मी उठलोच नाही तं?"

परत केलेला चहा मी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हटलं, "उठाल. ही खुर्ची कोणी जागची हलवणार नाही. येऊन बसा."

त्यांनी चहा संपवला आणि कोणी न सांगता उठले. मोती फाटकापर्यंत सोबत गेला.

उद्या नागपूरला ऑपरेशन. यजमान त्यांच्यासोबत गेलेत. रिपोर्ट, चादर, डबा, फोनचा चार्जर, यादीतल्या सगळ्यावर खुणा झाल्या. इकडे सकाळपासून पावसाची झड लागली आहे. ओसरीतलं सामान मी भराभर आत घेतलं. हिरवी खुर्ची तेवढी आत घ्यायची राहिली आहे.