गोड्या पाण्याचा टब

स्वतःचा रेग्युलेटर घ्यायला मी देवबागला सुलभावहिनींच्या डायव्हिंगच्या दुकानात गेलो. टाकीतली हवा पाणबुड्याच्या तोंडात पोचवणारं ते यंत्र मी हापूस निवडावा तसं निवडत होतो. दाबून पाहिलं, मग तोंडात धरून राक्षसासारखा श्वास सोडला. दुकानात फक्त मीच हसलो.

वहिनी दिवसभर वापरलेले रेग्युलेटर टबातल्या गोड्या पाण्यात बुडवत होत्या. मदत म्हणून मीही एक बुडवला आणि त्याचं हवा सोडायचं बटण दाबलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"भावजी, पाण्यात तां बटण दाबू नकात. नळीत पाणी शिरता."

"आतूनही स्वच्छ होईल की."

"तुमचे मित्र पण असांच म्हणायचे."

मित्र म्हणजे त्यांचा नवरा. स्वतःचा रेग्युलेटर रोज बटण दाबदाबून, लाडाने धुवायचा. आत गंज चढत गेला आणि एकदा खोल पाण्यात हवा बंद झाली. नुसता बुडवून टांगणारा आळशी असता, तर आज माझ्या विनोदाला हसायला असता.

मी निवडलेला रेग्युलेटर वहिनींनी टाकीला जोडला. "घेवा श्वास," म्हणाल्या आणि कान जवळ आणला. मी श्वास घेत राहिलो. त्या बराच वेळ ऐकत होत्या.