वानरांना ओळखीची साडी

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि मी सोलापूरहून सकाळच्या एसटीनं मैंदर्गीला वानरं बघायला जात होते. नव्या सुनेचं हे काम शेजारणींना कसं सांगायचं? सासूबाई म्हणायच्या, "कॉलेजात जाते." तेही खरंच होतं, संशोधन कॉलेजातलंच. माणसानं दुसऱ्याचं पोर कडेवर घ्यायला कधी आणि कशापायी सुरुवात केली, त्याचं मूळ मी वानरांत शोधत होते. हे वाक्य मी तेव्हा मान किंचित तिरकी करून म्हणायचे. आज तशी केली तर लचक भरेल.

गावाबाहेरच्या चिंचबनात टोळी असायची. एक दांडगा हुप्प्या, बाकी बायकापोरं. ती बुजू नयेत म्हणून रोज एकाच रंगात जायचं, असं मी ठरवलं. नवी पेठेतून एकसारख्या दोन हिरव्या साड्या आणल्या. एक अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून सुरुवात केली, ती चिंचा पिकेपर्यंत झाडाच्या सावलीत पोचले. माझ्या मते ही सगळी त्या हिरव्या रंगाची कमाई.

त्याच सावलीत गावच्या बायका चिंचा फोडत बसायच्या. मराठीत सुरू केलेलं कानडीत संपवायच्या. मी त्यांच्याकडे बघून हसायचे, पण बसायचे लांब. शास्त्रज्ञ ना मी!

अशात टोळीत एक पिल्लू जन्मलं. काळंभोर, मुठीएवढ्या तोंडाचं. आई ते दुसरीच्या हातात देते का, हे त्या पहिल्या दिवसांतच दिसणार होतं. त्यासाठी जवळ बसता यायला हवं होतं. रात्रभर मला झोप नाही. सकाळी धावत पोचले, तर बायकांनी मलाच घेरलं. त्यांच्यातल्या म्हातारीच्या हातात हळदकुंकू, तांदूळ आणि डाळिंबी रंगाचं इरकल.

"बा अक्का, ये, बस हितं. वटी भरायची हाय तुजी."

"माझी? कशाबद्दल?"

"पावसाळ्यापासनं एकच लुगडं बगतोय की आमी. धुतीस कवा, वाळवतीस कवा? नवऱ्यानं टाकलीय व्हय गं?"

"नाही हो!"

"लाजू नगंस. समद्यांनी मिळून आणलंय. नेस आत्ताच."

भरल्या ओटीला नाही कसं म्हणणार? तरी मी चाचरत म्हटलं, "वानरं बुजतील."

"वानराला काय कळतंय लुगड्यातलं?" एक तरणी बाई म्हणाली. "आमच्या मालकाला कळंना अजून!"

चौघींनी एक जुनेर आडवं धरलं. विटक्या कापडातून ऊन गाळून येत होतं, त्यावर चिंचेच्या पानांच्या सावल्या पोहत होत्या. पाण्याखाली उभं राहून निऱ्या घालतेय असं वाटलं मला. मग जुनेर खाली आलं, आणि हुप्प्या खॅककन ओरडला. सगळी टोळी शेंड्यावर. पिल्लू आईच्या पोटाला चिकटून पानांत दिसेनासं झालं.

मी मटकन खाली बसून रडायलाच लागले.

"आवडलं न्हाय व्हय गं?" म्हातारी कावरीबावरी झाली.

मग हुंदके देत सगळं सांगितलं. हिरवा रंग, पिल्लू, दोरीवरची दुसरी साडी. मग तरणी फिस्सकन हसली. "दोन हायत! अन् आमी हिला गरीब समजतोय!" त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की वरून वानरं वाकून बघू लागली.

"गप बसा गं," म्हातारी म्हणाली. "आन् तू आमच्यात बस, अक्का. आमाला ती भीत न्हाईत."

डोक्यावर पदर घेऊन मी चिंचा फोडू लागले. दुपार चढली. बोलणं मंदावलं, कानडीत विरघळलं, मग थांबलंच. चिंचेच्या आंबूस वासानं डोळे जड झाले होते. फांद्या कधी हलल्या कळलं नाही. उघडून बघते तर टोळी बनाच्या कडेच्या पडक्या भिंतीवर उतरलेली, पूर्वी कधी नव्हती इतकी जवळ.

एका पोरसवदा मादीनं हात पुढे केला. आईनं सोडलं! पोरीनं पिल्लू घेतलं ते चक्क उलटं, पाय वर, डोकं खाली. ते किंचाळलं. दुसरीनं हिसकून सुलटं केलं, चाटलं, तिसरीकडे दिलं. आई मात्र डोळे मिटून पाठ खाजवून घेत होती.

"लिव्ह की आता," म्हातारी कुजबुजली.

मी मानेनंच नको म्हटलं. बोटं चिकट होती, आणि हलायचा धीर नव्हता. पिल्लू आईच्या कुशीत परतेपर्यंत भिंतीवरचं ऊन जमिनीवर उतरलं होतं.