सागवान, कडप्पा की प्लायवूड?

रेकॉर्ड प्लेयरखाली ठेवायच्या तीन बैठकी मी स्वतः घडवल्या: सागवानाची, कडप्प्याची आणि प्लायवूडची. कोणाकडं शिकलो नाही.

आज नागपूरचे एक शौकीन घरी आले. मी सांगितलं, सागवानावरच आवाज खुलतो.

बायको म्हणाली, "मंग तुमी डोळे बांधून ओळखा ना!"

तिनं एकेका बैठकीवर प्लेयर ठेवून तीच रेकॉर्ड लावली. मी ज्याला छातीठोकपणे सागवान म्हटलं, ते प्लायवूड निघालं. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच.

"काऊन, खुलला का आवाज?" बायको हसून राह्यली.

पाहुण्यांनी मात्र डोळे बांधू दिले नाहीत. म्हणाले, "मला सागवानच गोड लागतं."

मित्रहो, आता कोणाच्या कानावर विश्वास ठेवायचा? मला कळेना. सागवानाच्या बैठकीचे ते वीस हजार देत होते, मी नाही म्हटलं.