दवाखान्याचं कुलूप

आमच्या गावच्या दवाखान्याच्या कुलपात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलंय, अगदी किल्लीच्या भोकात. नर्सबाईंची बदली झाल्यापासून ते कुलूप कोणी उघडलंच नाही. काल सकाळी मी तिथल्या पायरीवर एकटी बसून त्या माशीचं येणंजाणं बघत होते.

सुनेच्या मोबाईलवर ‘दवाखाना वाचवा’ म्हणून काही आलं होतं. तिनं माझं बोट धरून दाबलं. "झालात तुम्ही सामील, आत्या." मग तिनं गावातल्या कितीतरी जणांची नावं वाचून दाखवली. मला भरून आलं. आमच्याकडं विहिरीचा गाळ काढायला हो म्हटलेल्या घरातून एक माणूस येतंच. म्हणून मी भाकरी बांधून गेले. ऊन डोक्यावर आलं, तरी कोणी आलं नाही.

घरी सून पोट धरून हसली. "अहो आत्या, तिथं जायचं नसतं! दाबलं की झालं."

"मग कुलूप कोण काढणार?"

"तुमचं आपलं काहीतरीच. हे बघा, अजून माणसं वाढली."

कुठं असतील ती माणसं? आपापल्या ओट्यावर, बोट दाबून हलकी झालेली. मीही झाले होते हलकी, खोटं कशाला लिहू.

सुनेला आठवा लागलाय. तालुक्याचा दवाखाना घाटापलीकडं आहे. संध्याकाळी मी हळूच तिला विचारलं, "परत एकदा दाबता येतं का गं?"

"नाही आत्या. एका माणसाला एकदाच."