जात्यावरची अहिरीण

जात्याशिवाय एक ओळही गाता न येणारी गायिका निजामाच्या सबंध राज्यात एकच होती, आणि ती आयरिश होती. तिचा बाप हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं सांभाळायचा. आई ती तान्ही असतानाच गेली. बापाला कोणी इंग्रज म्हटलं की तो लाल व्हायचा आणि बजावायचा, 'इंग्रज नाही, आयरिश.' माझ्या आईनं ते 'अहीर' असं ऐकलं. अहीर म्हणजे गाईगुरं राखणारे लोक, आणि साहेबाच्या दारात गाय होतीच. आईची खात्री पटली. "मंग आपल्यासारखंच लेकरू हाय," असं म्हणून तिनं पोरीला घरात घेतलं आणि जात्यापाशी बसवलं. तिचं खरं नाव आमच्या जिभेला झेपत नव्हतं. ती आमची अहिरीण झाली.

माझ्याच वयाची. दिसायला सोललेल्या मुळ्यासारखी, वर मोहरी सांडावी तसे तोंडावर ठिपके. तिनं दळलेलं पीठ इतकं जाड यायचं की आमच्या म्हशीनंही एकदा तोंड फिरवलं. पण आवाज असा, की लग्नघरी हळद दळायला बायका तिलाच बोलवायच्या. एकदा बापाच्या पाहुण्यांनी गायला सांगितलं, तर हिनं खानसाम्याचं जातं दिवाणखान्यात आणवलं आणि त्यांच्या काळ्या कोटांवर ज्वारीचं पीठ उडवलं.

फक्त आईचं समाधान होत नव्हतं. "आवाज गोड हाय, पण ओवी खोटी हाय," आई म्हणायची.

"काहून खोटी?"

"तुहं माहेर इथंच. तुला माहेराची याद कशी यील?"

हे तिनं फार मनावर घेतलं. कयाधू नदीपलीकडं जाऊन हिंगोलीकडं तोंड करून ती तासन्‌तास बसायची, परत येऊन एक ओवी गायची आणि विचारायची, "मावशी, आता?"

"न्हाई. तुला भूक लागून राहिली नुसती. भाकर खा."

माझं लग्न होऊन मी आमच्याच भागातल्या गोरेगावला गेले, तेव्हा तिला माझा हेवा वाटला. मला तिथं हेवा करण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढं हैदराबादच्या रेडिओनं तिला बोलावलं. मी तेव्हा माहेरी आले होते. आम्ही मायलेकी बाजारातल्या कापडवाल्या चाचांच्या दुकानी ऐकायला गेलो. चाचा सारखे बटण पिळत होते. "लडकी तो बराबर गाती है, मगर रेडिओ बिगड गया. घरघर करून राहिला."

"रेडिओ चांगला हाय, चाचा," आई म्हणाली. "जातं हाय ते."

पुन्हा बोलावणं येणार होतं. पण अठ्ठेचाळीस साली जिनिंग थांबलं आणि बापानं आपला मुलूख गाठायचं ठरवलं. तो मुलूख हिनं कधी पाहिलेला नव्हता. निरोपाला मीही आले होते.

"मावशी, मला ठेवून घे."

"बाप एकटा हाय तुहा. जा."

ती भांडली नाही. जात्याशी बसली आणि गाऊ लागली. ओवीत कयाधू आली, आमचं अंगण आलं, आई आली, आणि मग आवाजच पुढं येईना. हात मात्र फिरतच राहिला. जात्यात दाणा नव्हता. आईनं खुंट्यावरचा तिचा हात धरून जातं थांबवलं.

"आता बराबर हाय," आई म्हणाली.

मी रडणारी बाई नाही, तेव्हाही रडले नाही. त्यानंतर तिची काही खबर आली नाही. तिच्या मुलखात जातं मिळतं की नाही, मला ठाऊक नाही. मिळालं नसेल, तर ती अजून गप्पच बसली असेल.