गुण न्हाई आला

काका पुस्तक टेबलावर ठेवायचे, त्यावर तळहात दाबून धरायचे आणि मान खाली घालून म्हणायचे, "गुण न्हाई आला, म्याडम. दुसरं द्या."

संगमनेरच्या आमच्या वाचनालयात मी पुस्तकं देते-घेते. कथा रंगली नाही, टाईप बारीक आहे, पानं फाटली आहेत, अशा तक्रारी तुम्हीही ऐकल्या असतील. गुण न आल्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होते. काका जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथूनच निवृत्त झाले. औषधाची बाटली बदलून न्यावी तसं पुस्तक न्यायचे.

त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती. त्यांच्याशी बोलत राहा, ऐकून ऐकून एखादा शब्द फुटेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. इथेच काकांची पंचाईत झाली.

"जन्मभर तीच बोलायची," ते मला म्हणाले. "मी नुसता व्हय म्हनायचो. आता बोलू काय?"

म्हणून पुस्तकं, तिला वाचून दाखवायला. शाळा सुटल्यापासून त्यांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपलीकडे फारसं काही वाचलं नव्हतं.

ऐतिहासिक कादंबरी दिली. लढाई सुरू झाली की काकू झोपायच्या. रहस्यकथेचं शेवटचं पान काकांनी आधीच वाचून दाखवलं. आजारी माणसाला घोर नको. प्रेमकथा वाचताना सून चहा घेऊन आली, तेव्हा पुस्तकात बघतच त्यांनी तोंडाला येईल तो पावसाचा अंदाज वाचून दाखवला. भुताच्या गोष्टींना काकू ढिम्म, काकांनाच परसात जायची भीती वाटू लागली. दोन पुस्तकांच्या मध्ये ते एक दिवस मोकळा ठेवायचे, आधीचं औषध अंगातून उतरायला हवं म्हणून. ते गेले की मी हसायचे, आणि मग मला फार वाईट वाटायचं.

कपाटं संपत आली. काहीच सुचेना, तेव्हा मी पाककृतींचं एक पुस्तक काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच काका पायरीवर उभे. शेंगोळ्यांची कृती वाचत होते म्हणे. पुस्तकात गव्हाचं पीठ लिहिलेलं. काकूंनी हुलग्याच्या पिठाशिवाय शेंगोळे कधी केले नव्हते. त्यांनी डोळे उघडले, ओठ हलवले.

"न्हाई म्हनली, म्याडम. साफ ऐकू आलं."

मग ते मुद्दाम चुकीचं वाचू लागले. पिठल्यात साखर, भरल्या वांग्यात दूध. काही दिवस काकू 'न्हाई' म्हणाल्या. मग नुसती मान हलवू लागल्या. मग बासुंदीत लसूण घातला तरी छताकडे बघत राहिल्या. काका त्या पुस्तकाची मुदत वाढवून घेत राहिले आणि मी शिक्का मारत राहिले. याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

काकू गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर काका पुस्तक परत द्यायला आले. तळहात ठेवला, पण नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. "आता मला एखादं द्या," म्हणाले.

कसलं देऊ, मी विचारलं. इतके प्रकार वाचून झाले होते, त्यातलं काहीतरी आवडलं असेलच.

"मी तर तिच्या तोंडाकडंच बघत हुतो, म्याडम. पुस्तकात काय हुतं, ध्यानात न्हाई."

मी कपाटांपुढे नुसतीच फिरले. शेवटी एक प्रवासवर्णन दिलं. ते काखेत धरून काका पायऱ्या उतरून गेले.

मुदत कधीच संपली. गुण आला की नाही, सांगायला ते अजून आलेले नाहीत.